ऐट आणि सर्दी
कुणीतरी लिहिलंय, फायटर पायलट म्हणजे नुसती ऐट. ग्वाल्हेरला महाराजपूरच्या हवाई दलाच्या तळावर १९८५ पासून मिराज ही लढाऊ विमानं आहेत; आमचे भाचेजावई तिथलेच पायलट. त्यांचं खरं दुखणं काय, तर सर्दी! नाक चोंदलं की उड्डाण बंद, कारण खाली उतरताना हवेचा दाब वाढतो आणि कानाचा पडदा फाटू शकतो. आपल्या मनाने साधी गोळीही घ्यायची नाही, तळावरच्या डॉक्टरांना विचारूनच. ग्वाल्हेरच्याच लष्कर नावाच्या भागात राहणाऱ्या मावशी डबाभर काढा घेऊन हजर होतात, जावई कपाळाला हात लावतात. बाकी मे महिन्यात जी-सूट (जोरदार वळणात रक्त पायांकडे उतरू नये म्हणून घालायचा घट्ट पोशाख) चढवून तापलेल्या कॉकपिटमध्ये बसणं, तासाभराच्या उड्डाणावर त्याहून लांबलचक चर्चा, हे चालायचंच. पण शिंक आली रे आली की भाची विचारते, "आता काय, आठवडाभर घरीच?"