लॅबची टेबलं चाकांवर घ्यावीत का?

फोंडेकर_मास्तर: आमच्या कॉलेजात केमिस्ट्री आणि बायोटेकची मिळून एकच लॅब करायचं चाललंय, कडाप्प्याचे ओटे काढून चाकांची टेबलं घ्यावी म्हणतो, कोणी केलंय का?

दर्यावर्दी: चाकं ठीक, पण वीज-गॅस वरून सीलिंगमधून आणा, नाहीतर टेबल हलणार कसं? स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या क्लार्क सेंटर या संशोधन इमारतीत (२००३, नॉर्मन फॉस्टरचं डिझाइन) हेच केलंय.

माडबन: फ्यूम हूड (विषारी वाफा बाहेर खेचणारं कपाट) हलवायच्या भानगडीत मात्र पडू नका हो, डक्ट आणि ड्रेन भिंतीकडे फिक्स, ओलं काम तिथंच. चाकं स्टेनलेसची, ब्रेकवाली घ्या, आपल्या खाऱ्या दमट हवेत साधं लोखंड लगेच गंजतं.

फोंडेकर_मास्तर: आणि वजनाचे बॅलन्स?

दर्यावर्दी: त्यासाठी एक कडाप्पा ठेवाच, चाकांच्या टेबलावर रीडिंग नाचत राहतं 😄