पाच हजारांच्या शिबिराशिवाय पोर धीट होत नाही?

कॉलेजरोडचा बाप
सोसायटीच्या ग्रुपवर काल एक पोस्ट पडली आणि डोकं फिरलं. 'तुमचं मूल भित्रं राहिलं तर दोष कुणाचा?' असं वर मोठ्या अक्षरात. खाली मजकूर असा की हल्लीच्या पालकांना डोंगराचं काही कळत नाही, तेव्हा पाच ते नऊ वर्षांची मुलं आमच्या दोन दिवसांच्या साहस शिबिराला पाठवा. झिपलाइन, तंबू, शेकोटी, शेवटी मेडल. फी पाच हजार. त्याखाली पटापट अंगठे आणि 'जागा आहेत का' सुरू.

तिथे लिहिलं तर लिफ्टमध्ये रोज तोंडं बघायची आहेत, म्हणून इथे लिहितो.

पोराला पट्ट्यात अडकवून दोरीवरून या टोकाचं त्या टोकाला ढकललं, यात त्याने काय केलं? ओरडला. बास. कुठून जायचं, पाय कुठे ठेवायचा, कधी मागे फिरायचं, यातलं एकही त्याने ठरवलं नाही. धीटपणा येतो तो असं काहीतरी स्वतः ठरवायला मिळालं की, असं माझं मत. आणि त्यासाठी नाशिककराने पैसे मोजायचे म्हणजे कमाल आहे. पांडवलेणी हायवेला चिकटून. पेठ रोडने निघालात की आशेवाडी आणि वर रामशेज; पाच-सहा वर्षं मोगलांना दाद न देणारा किल्ला, पण चढायला लहान मुलांच्या आवाक्यातला. थंडीत पाखरं बघायला नांदूरमध्यमेश्वर. त्र्यंबकला तर सिटीलिंकची बस जाते.

मध्यंतरी लेकीला पांडवलेण्याला नेलं. सहा वर्षांची आहे. नियम एकच, ती पुढे आणि मी मागे. वर गेल्यावर एका विहारातल्या खोलीच्या दारात थबकली. आत काळोख, भिंतीला दगडी ओटा, वटवाघळांचा वास. एक पाय आत, एक बाहेर. मी गप्प. मग आत शिरली, ओट्यावर आडवी झाली आणि म्हणाली, "बाबा, यांची उशी कुठंय?" मी सातवाहनांच्या गौतमी बलश्रीचा शिलालेख, क्षत्रप नहपान वगैरे सुरू केलं तर ऐकायला थांबलीच नाही, पुढच्या दोन खोल्या एकटीने बघून आली. ही कमाई कुठल्या मेडलात बसते?

दोन पोरांची आई
ती पुढे आणि तुम्ही मागे. फार छान. आणि पहाटे उठून दशम्या कुणी केल्या? बाटल्या कुणी भरल्या? जादा चड्डी, रुमाल, ओडोमॉस, उलटीची पिशवी? परत आल्यावर चिखलाचे बूट कुणी धुतले?

'साधी कौटुंबिक सहल' म्हणजे काय ते आम्हाला विचारा. घरच्या पुरुषाने रविवारी सकाळी 'चला, रामशेजला' म्हणायचं आणि आईने उरलेलं सगळं करायचं. डोंगरावर हा माणूस बाबागिरी करत फिरणार, मी सावलीत बसून धाकट्याला भरवणार. फोटोत मी नसतेच, कारण फोटो मी काढते.

मी दोन्ही पोरं असल्या शिबिराला पाठवलीत. धीट झाली का माहीत नाही. मी दोन दिवस झोपले. पाच हजारांत स्वस्त पडलं.

कॉलेजरोडचा बाप
ताई, डबा मीच भरला होता. पुरावा म्हणून फोटो काढायचा राहिला.

दोन पोरांची आई
एकदा भरला की सात वेळा सांगायचा, हेही ओळखीचंच.

सह्यभटक्या
मूळ पोस्ट वाचून हसावं की रडावं कळेना. मी बरीच वर्षं मुलांना डोंगरात नेतोय, शिबिरंही घेतो, त्यामुळे माझं बोलणं 'धंद्याचं' वाटलं तर वाटू द्या.

ही 'साधी सहल' माणसं मारते. आम्ही दोर लावतो तेव्हा मुलाच्या डोक्यावर हेल्मेट असतं, खाली एक माणूस, वर एक माणूस. आणि फॅमिली? हरिहर गडाच्या त्या उभ्या कातळपायऱ्यांवर मी बापाला पाठीवर तीन वर्षांचं पोर बांधून चढताना बघितलंय. एका हाताने खोबणी धरलेली, दुसऱ्या हातात मोबाइल. वरून उतरणारी रांग, खालून चढणारी रांग, मधे हे महाशय रील करतायत. सोमेश्वरच्या धबधब्यावर पावसाळ्यात जा. शेवाळलेल्या खडकावर चप्पल घालून पोरं उड्या मारतात आणि आई-बाप भज्यांच्या गाड्यावर. वर गंगापूर धरण आहे, विसर्ग सुरू झाला की गोदेचं पाणी बघता बघता चढतं, हे दुतोंड्या मारुतीवरून पूर मोजत लहानाचे मोठे झालेल्या नाशिककरांना मी सांगायचं का?

'मी गप्प राहिलो' याचं कौतुक पुरे. अंधाऱ्या लेण्यात सहा वर्षांच्या मुलीला एकटी सोडलीत. आत साप असता तर? बाजूच्या कातळाला आग्या मोहोळ असतं तर? मधमाश्या उठल्या की खाली पळायचं की आत बसायचं, हे तुम्हाला तरी माहीत आहे का?

कॉलेजरोडचा बाप
आलं, दुकान आलं.

साप तुमच्या तंबूला मेडल बघून सोडतो का? हरिहरचा तो रीलवाला मूर्ख आहे, मान्य. पण मी रामशेज म्हणालो, तुम्ही हरिहरवर गेलात. मी लेणी म्हणालो, तुम्ही धबधब्यात पडलात. वादात असं घसरणारा माणूस कड्यावर दोर कसा धरतो देव जाणे.

सह्यभटक्या
वैयक्तिक होऊ नका. मधमाश्यांचं उत्तर मिळालं नाही.

जुनं नाशिक, जुनी हाडं
शिबिरंही नकोत आणि सहलीही नकोत. आमच्या वेळी घरातून कुणी 'नेत' नव्हतं. पाठीला पत्र्याचा डबा बांधायचा आणि काठावरच्या मोठ्या पोराने ढकलून द्यायचं. गोदावरीत निम्मं जुनं नाशिक असंच पोहायला शिकलं. नाकातोंडात पाणी गेलं की आपोआप हात चालतात.

आता नातवाला घेऊन रामकुंडावर जातो तर पायाखाली काँक्रीट. तळाला सिमेंट ओतून नदीचे झरे बुजवले, वर शेवाळ, पाण्याला वास. २०२७ चा कुंभ म्हणून पुन्हा कोट्यवधींची कामं निघाली आहेत, पण त्या पाण्यात पोराला सोडावं असं कुणाला वाटेल का, हे कुणी विचारत नाही. घाट चकचकीत करून काय उपयोग? साहस हवंय म्हणे. आधी नदी द्या.

सह्यभटक्या
काका, डबा बांधून जी पोरं परत आली त्यांचीच गोष्ट सांगितली जाते.

मळेवाला, निफाड
सकाळपासून वाचतोय. शहरातल्या लोकांना धीट पोरं 'बनवायची' आहेत, ऐकून मजा वाटली.

आमच्याकडे शेतीची लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात मध्यरात्रीनंतर पंपाचा स्टार्टर दाबायला मळ्यात जावं लागतं आणि दारं धरायला, म्हणजे पाणी वाफ्यावाफ्यात फिरवायला, माणूस लागतो. माणूस मिळत नाही. माझा पोरगा नववीत आहे, तो बॅटरी घेऊन बांधावर उभा राहतो. एका बाजूला उसाचं रान. बॅटरी फिरवली की कधी मांजराचे डोळे चमकतात, कधी मांजरापेक्षा मोठे. मोबाइलवर गाणी लावून ठेवायची, मोठ्याने बोलत राहायचं, खाली वाकून बसायचं नाही, म्हणजे बिबट्या भक्ष्य समजत नाही. हे त्याला कुणी शिबिरात शिकवलं नाही.

तर भो, मला माझं पोर धीट नकोय. मला दिवसा लाइट पाहिजे.

सावरकरनगरची मावशी
बिबट्याचा विषय निघालाच आहे तर सांगते, आता तो शहरातही येतो. आमच्या भागात बिबट्या आल्यापासून मी नातीला संध्याकाळी बागेत पाठवणं बंद केलंय. वनखातं पिंजरे लावतं, चार दिवस पोलीस फिरतात, मग पुन्हा जैसे थे. सगळे बिबटे पकडून लांब कुठेतरी नेऊन सोडायला काय हरकत आहे?

पाखरूवेडा
मावशी, एक उचलला की त्याची हद्द रिकामी होते आणि दुसरा येऊन बसतो. लांब नेऊन सोडलेला बिबट्या तिथल्या लोकांच्या गळ्यात, किंवा चालत परत. उसात जन्मलेल्या बिबट्याला जंगल ठाऊकच नाही, ऊस हेच त्याचं घर. आपण धरणं बांधली, कालवे काढले, नदीकाठ उसाने भरला, वर भटकी कुत्री पोसली. त्याला अजून काय हवं? सहजीवन शिकावं लागेल.

मळेवाला, निफाड
सहजीवन तुम्ही फ्लॅटच्या तिसऱ्या मजल्यावरून शिकवताय. आमच्या वस्तीवर या. वासरू गेलं, दोन शेळ्या गेल्या, कुत्रं तर मोजतच नाही. पंचनामा, अर्ज, फोटो, मग भरपाईची वाट. आणि ऊस नको म्हणता तर काय लावू? द्राक्षाला एक अवकाळी पाऊस पुरतो. कांद्याचं तर बोलायलाच नको.

पाखरूवेडा
ऊस नको असं मी कुठे म्हणालो? रात्रीच्या लाइटबद्दल तुमच्या बाजूनेच आहे. बिबट्याची फिरायची वेळ आणि तुमची पाणी भरायची वेळ एकच ठेवायची आणि मग अपघात झाला की बिबट्याला नरभक्षक म्हणायचं, हा सरकारी शहाणपणा आहे.

मळेवाला, निफाड
हे बरोबर बोललात. सौर कृषी वाहिनी योजना २०१७ पासून ऐकतोय. काही गावांना दिवसा लाइट मिळायला लागली म्हणतात. आमचा फीडर, म्हणजे आमच्याकडे येणारी विजेची लाइन, त्यात नाही.

सावरकरनगरची मावशी
पण मग नातीला बागेत पाठवू की नको?

पाखरूवेडा
पाठवा, दिवसाउजेडी. तिन्हीसांजेला आणि पहाटे मोठं माणूस बरोबर हवं. बिबट्या दिसला तर मागे लागायचं नाही, गर्दी करायची नाही, वनखात्याच्या १९२६ ला फोन करायचा. गच्चीवरून आरडाओरडा आणि व्हिडिओ यानेच तो बिथरतो.

दोन पोरांची आई
विषय काय होता आणि कुठे गेला. एक मात्र बघा, मळ्यातल्या पोराची आई त्या रात्री झोपत असेल का, हे एकानेही विचारलं नाही.

मळेवाला, निफाड
नाही झोपत. ओट्यावर बसून राहते. आम्ही घरात आलो की चहा ठेवते आणि मग माझ्यावर ओरडते.

कॉलेजरोडचा बाप
दादा, तुमच्या लिहिण्यापुढे माझी लेणी किरकोळ आहेत, कबूल. पण गरजेने पडलेली जोखीम आणि हौसेने दिलेली मोकळीक एका तागडीत घालू नका. तुमच्या पोराला पर्याय नाही हा अन्याय आहे. माझ्या पोरीला पर्याय आहेत म्हणून तिला सोफ्यावर बसवून ठेवायचं का?

आणि सह्यभटक्या, मधमाश्यांचं तुम्हीच सांगा एकदाचं. हिणवायला म्हणून नाही, खरंच विचारतोय.

सह्यभटक्या
आत्ता विचारलंत! वरच्या ओळीत मला दुकानदार म्हणून झालं, त्याचं काय?

असो. अत्तर, डिओ लावून जायचं नाही. पोळ्याच्या आसपास धूर, सिगारेट, दगडफेक, आरडाओरडा नाही. उठल्याच तर हात झटकायचे नाहीत, माशी मारायची नाही. तोंड आणि डोकं कपड्याने झाकायचं, मुलाला पोटाशी घ्यायचं आणि पोळ्यापासून लांब, शक्य असेल तर बंद जागेत जायचं. पाण्यात उडी मारायची नाही, वर आलात की त्या तिथेच असतात. लेण्यात जाताना आधी कातळाच्या कडेला वर बघायचं, पोळी लोंबताना दिसतात. पोर पुढे चालो की मागे, एवढं बघणं तुमचं काम.

आणि हो, झिपलाइनबद्दल तुमचं म्हणणं अगदीच खोटं नाही. ती आम्ही पालकांसाठी ठेवतो. मुलांना ओढ्यात दगड रचून बांध घालायला जास्त आवडतं, पण त्याचा फोटो ब्रोशरवर खपत नाही.

जुनं नाशिक, जुनी हाडं
ओढा म्हणजे काय, ते आता ब्रोशरमध्येच बघायचं.

दोन पोरांची आई
नवऱ्याला धागा वाचायला दिला. म्हणतो, "नांदूरमध्यमेश्वरला जाऊ, डबा मी करतो." मग विचारलं, "अंडी किती वेळ उकडायची?" मी उत्तर दिलेलं नाही. साहस करू दे त्याला.

कॉलेजरोडचा बाप
नांदूरला चापडगावच्या बाजूने जा, मनोरे तिकडे आहेत. ऊन चढायच्या आत पोचा, नंतर पाखरं लांब सरकतात. निफाडकर, वाटेत तुमच्या मळ्यावर थांबलं तर चालेल का? आम्हीही येतोय.

मळेवाला, निफाड
या. फवारणी झाली असेल त्या दिवशी पोरं बागेत सोडायची नाहीत, घड तोडायचे नाहीत, विहिरीच्या काठावर एकटं जायचं नाही. आणि दिवस मावळायच्या आत निघायचं. त्या आठवड्यात लाइट रात्रीची आहे.