मराठी पुस्तकांना बोट लागते का?

मुठाकाठचा

बँकेतून निवृत्त झाल्यावर एक उद्योग अंगावर घेतला, त्याला आता दोन वर्षं झाली. जोशुआ स्लोकमचं पुस्तक मराठीत आणायचं. स्लोकम म्हणजे शिडाच्या होडीतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस. २४ एप्रिल १८९५ ला बॉस्टनहून निघाला, २७ जून १८९८ ला न्यूपोर्टला लागला. ४६ हजार मैल, आणि 'स्प्रे' ही होडी जेमतेम ३७ फुटांची, म्हणजे आमच्या सोसायटीच्या जिन्यापासून गेटपर्यंत. पुस्तकातला एक प्रसंग सांगतो. त्याचं जुनं क्रोनोमीटर, म्हणजे समुद्रावरचं अचूक घड्याळ, दुरुस्त करायला पंधरा डॉलर पडणार होते. एवढे कोण घालणार, म्हणून ते घरीच ठेवलं. वाटेत एक पत्र्याचं घड्याळ पाहिलं. किंमत दीड डॉलर, पण तबकडी फुटलेली म्हणून दुकानदारानं एका डॉलरला दिलं. त्यावर हा गडी जगाला वळसा घालून आला. तुळशीबागेत उमेद घालवलेल्या पुणेकरानं ह्या माणसावर जीव टाकायला हवा.

पण अडलोय. दोऱ्यांपाशी अडलोय. शीड वर चढवायची दोरी वेगळी, वारा धरून शीड आवळायची-सैल सोडायची वेगळी, डोलकाठी तोलून धरणारी वेगळी. इंग्रजीत प्रत्येकीला नाव आहे. माझ्याकडे एकच शब्द, दोरी. वारा वाढला की शीड थोडं गुंडाळून लहान करतात, त्याला काय म्हणायचं? मी 'शीड आखडणे' लिहिलंय आणि रोज सकाळी ते खोडतो.

ग्रंथालयात गेलो, म्हटलं समुद्रावरची मराठी पुस्तकं दाखवा. तीन आली. एक कोकणच्या आठवणी, एक शिवकाल, तिसरं माशांच्या कालवणांचं.

तर मुद्दा असा. मराठी लेखक समुद्राकडे पाहतो, समुद्रावर जात नाही. 'ने मजसी ने' घ्या, १९०९ साली ब्रायटनच्या किनाऱ्यावर उभं राहून झालेली. अंगावर काटा येतो, पण कवी वाळूवरच आहे. कुसुमाग्रजांचा कोलंबस समुद्राला दम भरतो, तेव्हा शीड कोण ओढतंय ते दिसत नाही. पूर्वी भाऊच्या धक्क्यावरून कोकणात जाणाऱ्यांना बोट लागायची. मला वाटतं आपल्या पुस्तकांनाही लागते. वाळू संपली की मळमळ सुरू.

आरमारी३०४

साफ असहमत. आज्ञापत्र वाचलंत का? रामचंद्रपंत अमात्यांचं. त्यात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. 'ज्याजवळ आरमार त्याचा समुद्र' हे वाक्य सगळे फेकतात, पुढचं कुणी वाचत नाही. गुराबा, गलबतं ही जहाजं कशी असावीत, पावसाळ्याआधी आरमार कुठं आणून ठेवावं, लाकूड कुठलं घ्यावं. आंबा, फणस तोडू नका, ही झाडं रयतेनं लेकरांसारखी वाढवलेली असतात, तोडली तर तिच्या दुःखाला पारावार राहणार नाही, हेसुद्धा त्यातच. राजनीतीच्या ग्रंथात जहाजाच्या लाकडाची एवढी फोड करणारी भाषा समुद्राला घाबरते? १६६५ साली बसरूरच्या मोहिमेवर महाराज स्वतः आरमार घेऊन गेले होते.

आणि बोट लागलीच असेल तर ती पुण्याला. १७५६ साली इंग्रजांच्या जोडीनं विजयदुर्गावर आंग्र्यांचं आरमार जाळलं गेलं, तेव्हा नानासाहेब पेशव्यांचं सैन्य कुठल्या बाजूला होतं? तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानत नव्हते हे मान्य. म्हणून घरातला चोर पकडायला शेजारचा दरोडेखोर बोलवायचा?

सरळसोट

आली १७५६. मी मनात दहापर्यंत मोजत होतो, सात झाले होते.

मुठाकाठचा

आरमारीराव, आज्ञापत्राला दंडवत. पण ते अमात्याचं पुस्तक आहे. जहाज कसं असावं ते सांगणारा माणूस पाटावर बसलाय. मला त्या गुराबेवर रात्री पहाऱ्याला बसलेल्या माणसाचं पुस्तक हवंय. त्याला झोप कशी लागायची, पाणी खारट झालं तर काय करायचा.

विजयदुर्गावर बोलायचं तर वेगळा धागा काढा, मी येतो. ह्याचा काश्मीर नको.

सरळसोट

मला मूळ उद्योगच कळत नाही. पुस्तक इंग्रजीत आहे, १९०० सालचं आहे, फुकट मिळतं. ज्याला शिडं आणि दोऱ्यांमध्ये रस आहे त्याला इंग्रजी येतंच. ज्याला येत नाही त्याला सदतीस फुटी होडीतल्या आठ दोऱ्यांची नावं समजून काय मिळणार? पुण्यापासून समुद्र सव्वाशे किलोमीटर, मधे सह्याद्री. आपल्याकडे बुडण्यासारखं पाणी पावसाळ्यात भिडे पुलावर, तेही गुडघ्याएवढं. भाषा जगते त्या गोष्टींचे शब्द तिच्यात असतात, एस्किमोंना ऊस लावायला सांगू नका.

कोथरूडची वाचक

मी सरळसोट यांच्याशी अर्धी सहमत. इंग्रजीत वाचा म्हणणं पटत नाही, पण तांत्रिक भाग सांभाळण्याचा अट्टाहास कशाला? आमच्या वाचनगटात 'मॉबी डिक' घेतलं होतं. देवमाशांच्या प्रकारांचं ते लांबलचक प्रकरण आठापैकी सहाजणींनी उलटलं, आणि गोष्टीचं काहीही बिघडलं नाही. त्यात तर निवेदक देवमासा हा मासाच असं ठणकावून सांगतो! काका, तुम्ही 'दोरी' लिहा. आम्हाला तो माणूस एकटा आहे हे कळलं की पुरे.

चीफ निवृत्त

धागा मुलीनं पाठवला. मी ३१ वर्षं मर्चंट नेव्हीत होतो, शेवटची १२ चीफ इंजिनियर. आता तळेगावच्या बाजूला पोरांना शिकवतो.

आधी सरळसोट यांचं सव्वाशे किलोमीटर. लोणावळ्याला आयएनएस शिवाजी १९४५ पासून आहे, नौदलाचे इंजिनियर तिथं तयार होतात. खडकवासल्याला एनडीएची पोरं जलाशयात शिडाच्या बोटी हाकतात. त्याच खडकवासल्यात १९१६ सालची जल संशोधन संस्था आहे, तिथं बंदरांच्या प्रतिकृती बांधून त्यात लाटा सोडतात. बंदर किनाऱ्यावर उभं राहण्याआधी पुण्यात भिजतं. तेव्हा भिडे पूल राहू द्या.

आता वाचकबाई. उलटलेलं प्रकरणच खरं आहे. लिहिणारा मेलव्हिल १८४१ साली देवमाशांच्या शिकारी जहाजावर साधा खलाशी म्हणून चढला होता. मासा म्हणणं चुकीचंच, पण चरबी कशी सोलतात ते त्यानं हातानं केलंय, ऐकून लिहिलेलं नाही.

आणि मुठाकाठचे, तुमच्याशीही भांडण. जहाजावरच्या माणसानं पुस्तक लिहावं म्हणता. काय लिहावं? समुद्र किती पाहिला विचाराल तर आमच्या सौ.नं अलिबागला माझ्याहून जास्त पाहिलाय. इंजिनरूम पाण्याच्या रेषेखाली असते. खिडकी नाही. पारा पंचेचाळीसच्या वर, कानावर मफ, चार तास ड्युटी, आठ तास सुटी, परत चार. आठ तासांत कपडे धुवायचे, जेवायचं, झोपायचं. पश्चिमेला जाताना रात्री घड्याळ तासभर मागं घेतात, तो एक तास जास्त झोपायला मिळाला की वाढदिवस असल्यासारखं वाटतं. समुद्रकथांमध्ये कुणी ऑईल प्युरिफायर साफ करताना दिसलंय? नाही ना? मग ती पुस्तकं खोटी. मराठीत नाहीत ते बरं आहे. मी आयुष्यात एकच पुस्तक लिहिलं, ऑईल रेकॉर्ड बुक, म्हणजे जहाजावरच्या तेलाची नोंदवही, आणि त्यातलं प्रत्येक वाक्य बंदरातला इन्स्पेक्टर भिंग लावून वाचायचा.

मुठाकाठचा

चीफसाहेब, घड्याळाचा तास वाचून मी उठून चहा करून आलो. वादळात काय होतं ते सांगाल का? रोमांचक नको. जसं असतं तसं.

चीफ निवृत्त

रोमांचक नसतंच. जहाज डोलायला लागलं की मेसमधल्या टेबलक्लॉथवर पाणी ओततात. ओल्या कापडावर ताट सरकत नाही. कुक पातळ काही करत नाही, आमचा गोव्याचा कुक तीन दिवस फक्त सँडविच आणि शिव्या देत होता. झोपताना लाईफजॅकेट गादीच्या बाहेरच्या कडेखाली खुपसायचं. गादी तिरकी होते, मधे घळ पडते, त्या घळीत पाठ भिंतीला लावून पडायचं. नाहीतर जमिनीवर. तरी दर डुलीला पोटातलं इकडचं तिकडं जातं. एकदा उत्तर अटलांटिकमध्ये जहाज ढकलणारा पंखा लाटेच्या वर यायचा, पाणी सुटलं की इंजिन भणभणून पळायला लागायचं, परत पाण्यात गेला की दबायचं. रात्रभर तो आवाज. आवाज बदलला की जाग येते, आवाज थांबला तर उठून उभंच राहतो माणूस. घरी पुण्यात सुटीवर आलो की पहिले आठ दिवस झोप यायची नाही. फार शांत.

जहाज हाकतात त्या ब्रिजवरच्या पोरानं लॉगबुकात लिहिलं: वारा फोर्स ९, जहाज जोरात डोलतंय. संपलं. ह्यात पुस्तक कुठाय?

कोथरूडची वाचक

ओल्या कापडासाठी माझं आधीचं मत मागे घेते. हे मी उलटलं नसतं.

आरमारी३०४

चीफसाहेब, अटलांटिक ठीक, पण कान्होजींच्या खलाशांचं

आरमारी३०४

अर्धवट गेला, क्षमस्व. म्हणत होतो, त्यांच्या खलाशांनी लिहून ठेवलं नाही म्हणून त्यांना अनुभव नव्हता असं होत नाही. लिहिणारा आणि वल्हं मारणारा ह्यांच्या जाती वेगळ्या होत्या, हे कुणीतरी स्पष्ट लिहा. मीच लिहितो, लिहिलं.

खाडीपल्याड

एवढा वेळ वाचत होते, आरमारी यांनी शेवटी दार उघडलं म्हणून येते. मी आंजर्ल्याची. वडील तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, आजोबाही तांडेल. नोकरी चिंचवडला.

काका, तुम्ही ग्रंथालयात गेलात, शब्दकोश उघडलात. हर्णैला गेलात का? जाणारे पुणेकर खूप आहेत. संध्याकाळी लिलाव बघायचा, सुवर्णदुर्ग मागं येईल असा फोटो काढायचा, सुरमई कापून घ्यायची. शब्द कुणी विकत मागितला नाही अजून.

शीड ज्या आडव्या लाकडाला बांधतात ते परबाण. शाळेतल्या भूगोलात मतलई वारा पाठ केला असेल तुम्ही, माझे आजोबा पहाटे त्यावर बाहेर जायचे आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर परत यायचे. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी चढणारी भरती. भरतीची वेळ काढायला ॲप नव्हतं, तिथीची पाऊणकी. तिथीला पाऊण पट केलं की तेवढ्या वाजता भरती. अष्टमी, आठ पाऊणे सहा, सहाला पाणी भरलेलं. मुंबईला हे नीट बसतं, आमच्याकडं थोडं अलीकडे, तो फरक पोरं अंगानं शिकतात. माझे आजोबा दुसरीपर्यंत शिकले. पाऊणकी त्यांना शाळेनं नाही शिकवली.

आणि आम्हाला समुद्रावरची मराठी म्हणजे कायम गाणं आणि नाच. टोपली डोक्यावर, ठेका सुरू. त्याचाही कंटाळा आलाय.

सरळसोट

ताई, एस्किमो आणि ऊस मागे. उरलेलं तसंच: शिडं गेली, इंजिनं आली. तुमच्या वडिलांना तरी ते दोऱ्यांचे शब्द लागतात का?

खाडीपल्याड

लागत नाहीत. म्हणून तर घाई आहे. वडील लहानपणी आजोबांबरोबर शिडावर होते, त्यांच्यानंतर आमच्या घरात ते कुणाला येत नाही. मला परबाण येतं कारण जुनं परबाण आमच्या पडवीत आडवं टाकलं होतं, त्यावर आम्ही कपडे वाळत घालायचो.

मुठाकाठचा

मी शिडाचे शब्द चुकीच्या दुकानात शोधत होतो, हे कबूल.

एक मात्र सोडत नाही. एकट्यानं शिडावर जग फिरून येणारा पहिला भारतीय, कमांडर दिलीप दोंदे, १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून निघाले, चार बंदरं घेत मे २०१० मध्ये परत आले. होडी 'म्हादेई', गोव्यात बांधलेली. पुस्तक त्यांनी इंग्रजीत लिहिलं, तो त्यांचा हक्क. पण तुमचे वडील इंग्रजीत लिहिणार नाहीत, चीफसाहेब ऑईल रेकॉर्ड बुकाखेरीज लिहिणार नाहीत, आणि मी लिहितोय तर मला दोरीचं नाव येत नाही. हेच ते बोट लागणं. तुम्ही सगळे भांडून शेवटी माझ्याच मुद्द्यावर आलात.

चीफ निवृत्त

मी आलो नाही. आणि पु. लं.नी हेमिंग्वेचा म्हातारा ('द ओल्ड मॅन अँड द सी') मराठीत आणला तेव्हा त्यांना कुठे मासे पकडता येत होते? पण नाव बघा, 'एका कोळियाने'. शाळेतल्या कवितेतला जाळं विणणारा कोळी आणि दर्यावरचा कोळी, दोन्ही एका शब्दात. मूळ इंग्रजी नावात हे नाही. भाषेला बोट लागत नाही हो, तुम्ही खिडकीशी बसत नाही एवढंच.

मुठाकाठचा

खिडकी नसते असं तुम्हीच म्हणालात.

ताई, वडिलांशी फोनवर बोलता येईल का? माझ्याकडे चौदा दोऱ्यांची यादी आहे, आणि ते शीड गुंडाळून लहान करण्याचं. त्यांना त्रास न होईल अशी वेळ सांगा.

खाडीपल्याड

होडी खाडीत घ्यायला तोंडाशी पाणी लागतं, वाळू आडवी येते. ते भरती धरूनच आत येतात. आज दशमी. वेळ तुम्हीच काढा.

मुठाकाठचा

दहा पाऊणे साडेसात.

खाडीपल्याड

थोडं अलीकडे धरा. होडी बांधून, जाळी काढून, हातपाय धुवून साडेआठ होतील. त्यानंतर करा. आणि आधी जेवलात का ते विचारा, मग दोरी.