आधी त्या संसदेला अधिकार तर द्या

'आफ्रिकेत खंडभर मुक्त व्यापार करार झालाय, मग ही पॅन-आफ्रिकन संसद हवीच कशाला, नुसता पांढरा हत्ती' असं वर कुणीतरी म्हटलंय. अर्धंच पटलं. 2004पासून आफ्रिकी महासंघाची, म्हणजे आफ्रिकी देशांच्या संघटनेची, ही संसद आहे, दक्षिण आफ्रिकेत मिडरँडला भरते. पण अधिकार काय, तर सल्ला देण्याचा. 2021 साली अध्यक्षपदावरून सभागृहात हाणामारी झाली, तेवढ्यापुरती जगाला तिची आठवण आली!

घोडं अडलंय मालाबो प्रोटोकॉलपाशी, म्हणजे या संसदेचे अधिकार वाढवणाऱ्या करारापाशी. आदर्श कायद्यांचे, म्हणजे सगळ्या देशांना नमुना म्हणून वापरता येतील असे, मसुदे करायचा अधिकार त्यात आहे. 2014ला मंजूर झाला, पण लागू व्हायला महासंघाच्या 55पैकी 28 देशांनी तो स्वीकारायला हवा. दहा वर्षं उलटली तरी आकडा गाठला गेला नव्हता. माझ्या मते राष्ट्रप्रमुखांनाच डोक्यावर कोणी नको आहे.

आता व्यापाराशी याचा संबंध काय? झांबिया-झिम्बाब्वे सीमेवरचं चिरुंडू बघा. पूर्वी ट्रकची तपासणी नदीच्या अलीकडे एकदा, पलीकडे पुन्हा. 2009पासून दोन्ही देशांचे अधिकारी एकाच ठिकाणी बसतात. पण झांबियाचा कस्टमवाला झिम्बाब्वेच्या जमिनीवर शिक्का कोणत्या अधिकारात मारणार? म्हणून दोघांनाही आपापल्या संसदेत वेगळा कायदा करावा लागला. आता खंडभर प्रत्येक सीमेवर हाच खटाटोप करायचा का? टांझानियातल्या अरुशाला पूर्व आफ्रिकी देशांच्या गटाची संयुक्त विधानसभा आहे, तिने अशा चौक्यांसाठी आपल्या सगळ्या सदस्य देशांचा मिळून एकच कायदा केला. मिडरँडला निदान मसुदा तरी करू द्या की.