मदत हवी आहे: फ्लूची लस घेऊनही फ्लू झाला कसा? बाबांचा ताप जात नाहीये

रातांबा:
गणपतीला चाकरमानी आले, पुतण्या आला तेव्हा ठणठणीत, दुसऱ्या दिवशी रात्री त्याला ताप आणि गौरी जाईपर्यंत अख्खं घर आडवं. आम्ही बाकीचे उठलो पण बाबांचा खोकला आणि ताप आहेच. लस दिली होती ना, मग कसं काय?? पैसे वाया गेले का? गावात डॉक्टर आठवड्यातून दोनदाच येतात, लवकर सांगा.

खाडीकाठ:
वय किती, शुगर बीपी आहे का, लस यंदाची की गेल्या वर्षीची, फ्लूची की न्यूमोनियाची, ताप किती? सगळं मनात ठेवून धागा काढतात लोक.

दोन_चमचे_मध:
अडुळशाची पानं, आलं, गवती चहा आणि गूळ, अर्धं आटवायचं. आमच्याकडे ह्याशिवाय काही लागत नाही. आणि आधी तो पंखा बंद करा.

मचवा:
ताई, काढ्याने घसा शेकतो, व्हायरस मरत नाही.

दोन_चमचे_मध:
तुमच्या आजीने काय दिलं होतं मग, इंजेक्शन?

रातांबा:
वय ७२. लस फ्लूचीच, गेल्या वर्षी जूनमध्ये. काढा चालूच आहे. लसीचं सांगा ना कोणीतरी.

मचवा:
म्हणजे यंदाची घेतलेलीच नाही. (मी लॅबवाला, डॉक्टर नाही.) फ्लूचा विषाणू स्वतःच्या नकला काढताना चुका करतो आणि त्या दुरुस्त करत बसत नाही, त्यामुळे त्याच्या अंगावरचं हिमॅग्लुटिनिन, म्हणजे ज्याने तो आपल्या नाका-घशातल्या पेशींना चिकटतो ते, थोडं थोडं बदलत राहतं आणि गेल्या वर्षीच्या अँटिबॉडीज त्याला नीट ओळखत नाहीत. म्हणून तर डब्ल्यूएचओ दर वर्षी दोनदा, फेब्रुवारी आणि सप्टेंबरमध्ये, लशीत कुठले स्ट्रेन, म्हणजे विषाणूचे कुठले प्रकार, घालायचे ते सांगते. शिवाय अँटिबॉडीज काही महिन्यांत उतरायला लागतात. पण लस घेतलेल्याला फ्लू झाला तरी बहुतेकदा हलका जातो, त्यामुळे पैसे वाया वगैरे नाही.

बांगडा_फ्राय:
लसबिस सगळं थोतांड. मी बारा महिने सकाळी समुद्रात डुबकी मारतो, साधी शिंक नाही.

लालमाती:
पण पोरगो बरो होतो तर लागण झाली कशी ता सांगा.

मचवा:
लक्षणं दिसायच्या साधारण एक दिवस आधीपासूनच फ्लू पसरायला लागतो. त्यात पावसामुळे खिडक्या बंद, माजघरात तीस माणसं आणि सगळी घसा फोडून आरती म्हणतायत. मोठ्याने गाताना तोंडातून बारीक तुषार जास्त उडतात. कोविडच्या सुरुवातीला, मार्च २०२० मध्ये, अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात एका गाण्याच्या ग्रुपची अडीच तास तालीम झाली, ६१ जणांपैकी ५३ आजारी पडले, त्यातले ३३ टेस्टने पक्के.

बांगडा_फ्राय:
म्हणजे आता आरत्यापण बंद करा!!

मचवा:
खिडकी उघडा म्हटलं, आरती बंद करा नाही म्हटलं.

सोलकढी:
परवाच्या तुतारीला वेटिंग ११२ आहे, होईल का कन्फर्म?

देवळाचा_नारळ:
एवढा कीस काढण्यापेक्षा अँटिबायोटिक चालू करा ना. मेडिकलवाला देतो, चिठ्ठी लागत नाही.

मचवा:
फ्लू व्हायरस आहे हो, अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं. फ्लूचं औषध ऑसेल्टामिव्हिर, आणि तेही पहिल्या ४८ तासांत घेतलं तर जास्त उपयोग.

खाडीकाठ:
रातांबा, ताप पहिल्या दिवसापासून सलग आहे की मध्ये उतरला होता?

रातांबा:
मध्ये दोन दिवस नव्हता की. पेज जेवले, खळ्यात येऊन बसले, पेपरपण वाचला. काल संध्याकाळी थंडी वाजून परत आला, आता कफ पिवळट पडतोय आणि बोलताना दम लागतो. हे महत्त्वाचं आहे का?

खाडीकाठ:
अहो हेच आधी सांगायचं ना! फ्लूने श्वासनळीचं अस्तर सोलवटतं, कफ वर ढकलणारे बारीक केस निकामी होतात, मग न्यूमोकॉकससारखे जिवाणू खाली फुफ्फुसात उतरतात. बरं वाटून परत ताप आला की न्यूमोनियाची शंका घ्यायचीच. कोविडच्या वेळचं बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचं मशीन असेल ते शोधा.

देवळाचा_नारळ:
बघा, मी म्हटलंच होतं अँटिबायोटिक!

मचवा:
तुम्ही वय न विचारताच म्हटलं होतं. कुठलं आणि किती ते छाती तपासून डॉक्टर ठरवतील, मेडिकलवाला नाही.

रातांबा:
मशीन मिळालं, सेल बदलले. ८९ दाखवतंय. हात गार आहेत म्हणून असेल का?

खाडीकाठ:
हात चोळून दुसऱ्या बोटाला बघा, पण तोवर दुसऱ्या कोणाला १०८ लावायला सांगा. उद्याच्या डॉक्टरची वाट बघू नका.

रातांबा:
९०. शेजारच्या काकांनी गाडी काढलीये, निघतोय.

लालमाती:
पोचलंस की कळव रे.

सोलकढी:
सॉरी, मगाशी चुकीच्या धाग्यावर टाकलं. काळजी घ्या काकांची.

रातांबा:
ॲडमिट केलं. एक्स-रेत उजवीकडे खाली न्यूमोनिया, ऑक्सिजन लावलाय, आता ९५ आहे. पुतण्या मुंबईहून फोनवर रडतोय, माझ्यामुळे झालं म्हणतो. खाडीकाठ, तुम्ही पहिल्यांदाच विचारलं होतं फ्लूची की न्यूमोनियाची, म्हणजे न्यूमोनियाची लस वेगळी असते? ती आम्हाला कोणी सांगितलीच नव्हती.