नेट गेलं की आधी काय तपासता? ठाणे आणि नवी मुंबईकरांचे अनुभव

नेट गेलं की राउटर बंद-चालू करायचा आणि केबलवाल्याला फोन लावायचा, बहुतेक घरांत एवढंच होतं. लाइनमन येईपर्यंत घरून काम करणाऱ्यांचे आणि मुलांच्या ऑनलाइन क्लासचे हाल. बिघाड घरात आहे, इमारतीत की रस्त्यावर, हे आपल्याला आधीच कळलं तर निम्मं काम होतं. म्हणून ज्यांना यातलं कळतं त्यांनी नेमकं लिहा: काय बघायचं, आकडा किती हवा, काय बदलायचं.

नौपाडा
फायबर (प्रकाशाने नेट आणणारी काचेची तार) असेल तर आधी ती जिथे जोडलेली असते त्या कंपनीच्या बॉक्सवरचे दिवे बघा. 'पॉन' स्थिर हिरवा असेल तर बाहेरची फायबर ठीक आहे, पुढचा शोध घरात. 'लॉस' लाल असेल तर प्रकाशच पोचत नाहीये. दहादा रीस्टार्ट करून फरक पडणार नाही. 'पॉन' नुसता लुकलुकत राहिला तर बॉक्सची नोंदणी होत नाहीये, आणि बऱ्याचदा कारण कमी प्रकाश हेच असतं.

हा प्रकाश मोजता येतो. बॉक्सच्या तळाला चिकटवलेल्या पट्टीवर पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.१.१. तो ब्राउझरमध्ये उघडा. त्या पानावर 'ऑप्टिकल' नावाच्या भागात 'आरएक्स पॉवर', म्हणजे बॉक्सपर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, दिसते. उणे १५ ते उणे २४ डीबीएम (ताकद मोजायचं एकक) असेल तर निवांत राहा. उणे २७च्या आसपास गेली की लाइन तुटत-जुळत राहते. दर ३ डेसिबलला प्रकाश निम्मा होतो, म्हणजे काल उणे २० आणि आज उणे २६ असेल तर चौथाईच उरला. नेट चांगलं चालू असताना हा आकडा वहीत लिहून ठेवा, नाहीतर बिघाडाच्या दिवशी तुलना कशाशी करणार?

घरातलं नेहमीचं कारण म्हणजे टीव्हीच्या कपाटामागे दाबली गेलेली पिवळी किंवा पांढरी पॅच कॉर्ड, म्हणजे बॉक्सला जोडणारी बारीक फायबर. वळण निदान ३ सेंटीमीटर त्रिज्येचं ठेवा, खिळ्याला गुंडाळू नका. हिरवं कनेक्टर हिरव्यातच जातं. त्याचं तोंड तिरकं घासलेलं असतं, निळ्यात घुसवलं तर प्रकाश वाया जातो. आणि कनेक्टरच्या तोंडात डोळा लावून बघू नका. आतला प्रकाश दिसत नाही, पण असतो.

कोपरखैरणे
आमच्याकडच्या कितीतरी जुन्या इमारतींत फायबर गच्चीवरच्या पेटीपर्यंत आणि तिथून घरात तांब्याची लॅन केबल, असा प्रकार आहे. तिथे नौपाडाकरांनी सांगितलेले दिवे उपयोगाचे नाहीत. खाडीच्या दमट हवेत प्लगच्या पिना हिरव्या पडतात. घासत बसू नका, दोन-तीन इंच केबल कापून नवा प्लग क्रिम्प करा (पकडीने दाबून बसवा). तारांच्या रंगांचा क्रम: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच.

प्लॅन २०० एमबीपीएसचा आणि वेग कायम ९४-९५लाच अडकलेला? मग बहुधा केबलमधल्या तारांच्या चारपैकी एखादी जोडी तुटली आहे. १०० एमबीपीएसला दोन जोड्या पुरतात, त्यापुढे चारही लागतात. लाइनमनला तेवढंच सांगा, तो समजतो.

केबल खिडकीतून आत घेताना बाहेर तिला खाली झोळ द्या. पाणी तिथून ठिबकून जातं, नाहीतर पावसात थेट राउटरच्या पोर्टपर्यंत येतं. विजा कडाडत असतील तर ही केबल काढून ठेवा, वीज तांब्यातून येऊन पोर्ट जाळते. फायबरमधून ती येत नाही.

घोडबंदर रोड
वायफायवर वेग मोजून कंपनीशी भांडू नका, आधी लॅपटॉप केबलने जोडून मोजा. इकडच्या नव्या टॉवरांत मायव्हनचं बांधकाम आहे, म्हणजे खोल्यांमधल्या भिंतीही सळई घातलेल्या काँक्रीटच्या. ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल अशा दोन भिंतींत संपतो. सिग्नल पुढे पोचवणारा स्वस्त रिपीटर घेतला तर तो एकाच रेडिओवर ऐकतो आणि बोलतो, वेग निम्मा होतो. हॉलपासून आतल्या खोलीपर्यंत एक लॅन केबल टाकून तिथे दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून (नुसतं वायफाय देण्यासाठी) लावणं, माझ्या मते एवढाच खरा उपाय.

२.४ गिगाहर्ट्झवर चॅनल १, ६ किंवा ११ आणि चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. शेजाऱ्यांचे पन्नास राउटर दिसत असताना ४० रुंदी म्हणजे स्वतःहून गर्दीत शिरणं. ५ गिगाहर्ट्झवर चॅनल ३६ ते ४८ ठेवा. ५२ ते १४४ मध्ये रडारची चाहूल लागली तर राउटरला चॅनल सोडावा लागतो, आणि त्या पट्ट्यातल्या नव्या चॅनलवर सुरू होण्याआधी निदान मिनिटभर नुसतं ऐकत बसावं लागतं.

ऐरोली
दिवे ठीक, वायफाय ठीक, तरी पानं उघडत नाहीत? कॉम्प्युटरवरून तीन पिंग (पत्त्याला हाक मारून उत्तर येतं का ते बघणं) क्रमाने करा: राउटरचा पत्ता, मग ८.८.८.८ हा बाहेरचा पत्ता आणि मग एखाद्या साइटचं नाव. पहिला अडला तर घरातला दोष, दुसरा अडला तर लाइनचा. फक्त तिसरा अडला तर दोष डीएनएसचा, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचा. राउटरमध्ये डीएनएस म्हणून १.१.१.१ आणि ८.८.८.८ घाला.

काही साइट उघडतात आणि ऑफिसचं व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारं कनेक्शन) मात्र लटकतं, तेव्हा राउटरमध्ये एमटीयू, म्हणजे एका वेळी जाणाऱ्या डेटाच्या पाकिटाचा आकार, बघा. राउटरमध्ये युजरनेम-पासवर्ड घालून चालणाऱ्या पीपीपीओई जोडणीवर तो १४९२ हवा, १५०० नाही.

बाहेरून घरचा कॅमेरा दिसत नसेल तर राउटरचा वॅन आयपी, म्हणजे कंपनीने त्याला दिलेला पत्ता, तपासा. १००.६४ ते १००.१२७ने सुरू होत असेल तर तो पत्ता अनेकांत वाटलेला आहे. राउटरमध्ये पोर्ट (बाहेरून आत येण्याची वाट) उघडून काही होणार नाही, स्टॅटिक आयपी, म्हणजे फक्त आपला कायमचा पत्ता, मागा.

नेरूळ
राउटर आपोआप रीस्टार्ट होत असेल तर आधी ॲडॅप्टर बदलून बघा. व्होल्ट तेच हवेत, बहुधा १२. अँपिअर छापलेल्यापेक्षा कमी नकोत, जास्त चालतात. लाइट गेल्यावर घरच्या इन्व्हर्टरवर बॉक्स चालू राहतो, पण वर कोपरखैरणेकरांनी लिहिलेल्या गच्चीवरच्या पेटीला बॅकअप नसेल तर नेट जाणारच. सोसायटीने त्या पेटीसाठी छोटा यूपीएस बसवून घ्यावा.

खारघर
तक्रार करताना "नेट बंद आहे" एवढंच सांगू नका. "लॉस लाल, सकाळी ११ पासून, शेजारच्या फ्लॅटमध्येही तेच" असं सांगितलं तर ते थेट स्प्लिटरची पेटी (एक फायबर अनेक घरांत वाटणारी) तपासायला माणूस पाठवतात. तक्रारीचा डॉकेट नंबर घ्याच, त्याशिवाय पुढे कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येत नाही. आणि टाचणीने दाबायचं ते रीसेटचं भोक मात्र सोडा. ते दाबलं की युजरनेम, पासवर्ड, व्हीलॅनचा आकडा असं कंपनीने घातलेलं सगळं पुसलं जातं, आणि लाइन नुसती मंद असेल तर ती पूर्ण बंद होते.