घरच्या ब्रॉडबँडऐवजी मोबाइलचा हॉटस्पॉट : काटकसर की नसती ओढाताण?

हिशेबी पुणेकर (धागाकर्ता)

आमच्या घरी आता आम्ही दोघेच असतो आणि दोघांकडेही फाइव्ह-जी चालणारे फोन आहेत. दोन फोनांचे रिचार्ज आणि शिवाय ब्रॉडबँडचे देयक, अशी एकाच सोयीची तीन वेगवेगळी किंमत आपण का मोजतो, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मला मिळालेले नाही. म्हणून हा धागा.

हिशेबासाठी मी जिओचे दर धरतो, कारण ते बहुतेकांना ठाऊक आहेत. ३९९ रुपयांच्या तीस एमबीपीएस जोडणीवर १८ टक्के जीएसटी लागला की महिन्याचे सुमारे ४७१ रुपये होतात, म्हणजे वर्षाचे ५,६५०. (मोबाइलच्या रिचार्जची जाहीर रक्कम करासहित असते आणि ब्रॉडबँडची करावेगळी, ही गंमत अनेकांच्या लक्षात येत नाही.) जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर रोज दीड जीबीचा २८ दिवसांचा रिचार्ज २३९ वरून २९९ ला गेला. मुदत २८ दिवसांची असल्यामुळे वर्षात बाराऐवजी तेरा रिचार्ज होतात, त्यांचे ३,८८७ रुपये. यांपैकी एकाच फोनचा रिचार्ज रोज दोन जीबीच्या ३४९ रुपयांच्या योजनेवर नेला, तर वर्षाला ६५० रुपये जास्त पडतात आणि त्या योजनेत फाइव्ह-जीचा वापर अमर्याद मिळतो. ब्रॉडबँड बंद करून घरात त्याच फोनचा हॉटस्पॉट वापरला, तर ६५० रुपये वाढवून ५,६५० रुपये वाचतात.

आमचा वापर म्हणजे वर्तमानपत्रे, बँकेची कामे, संध्याकाळी परगावच्या मुलीशी व्हिडिओ कॉल आणि रात्री एखादा कार्यक्रम. ब्रॉडबँडच्या योजनेत महिन्याला ३,३०० जीबीची मर्यादा आहे; तिचा विसावा हिस्साही आम्ही कधी संपवलेला नाही. देशात तारेच्या ब्रॉडबँडचे ग्राहक चार कोटींच्या आसपास आहेत आणि मोबाइल इंटरनेटचे नव्वद कोटींच्या घरात. बहुसंख्य घरे फोनवरच चालत असतील, तर आम्ही काही धाडस करतो आहोत असे मला वाटत नाही. विरोधी मते अवश्य मांडावीत.

तारयंत्र

आपली बेरीज-वजाबाकी बिनचूक आहे, परंतु तिच्यातील ‘अमर्याद’ या पदाला एक अट चिकटलेली आहे. फोन प्रत्यक्ष फाइव्ह-जीवर असेल तेवढाच काळ वापर अमर्याद धरला जातो. तो फोर-जीवर उतरला की रोजच्या दोन जीबीतून वजावट सुरू होते आणि ती घसरण बहुधा आपल्या नकळत होते, कारण पडद्याच्या कोपऱ्यातील ते छोटे अक्षर कोणी सतत पाहत बसत नाही. एचडी दर्जाचे चित्र तासाला तीन जीबीपर्यंत खाऊ शकते. म्हणजे आपला रात्रीचा कार्यक्रम पाऊण तासही न चालता दिवसाचा कोटा संपवू शकतो. त्यानंतरचा वेग ६४ केबीपीएस असतो. या वेगाने एक एमबीचे छायाचित्र उतरायला दोन मिनिटांहून अधिक लागतात. बँकेचे पान तोवर ‘सत्र संपले’ असे सांगून मोकळे होते.

फोन घरात फोर-जीवर का उतरतो, हेही सांगतो. फाइव्ह-जीचा बराचसा भार ३.५ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींवर आहे आणि या लहरी काँक्रीटच्या भिंतींमधून जाताना चांगल्याच क्षीण होतात. ७०० मेगाहर्ट्झच्या लहरी भिंतींना तुलनेने दाद देत नाहीत, मात्र २०२२ च्या लिलावात त्या एकट्या जिओने घेतल्या. त्यामुळे एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर, दोन कंपन्यांच्या सिमकार्डांचा अनुभव अगदी वेगळा असू शकतो, आणि ‘माझ्याकडे उत्तम चालते’ या शेजाऱ्याच्या ग्वाहीचा उपयोग तो आपल्याच कंपनीचा ग्राहक असेल तरच होतो.

मोबाइलचा मनोरा हा सगळ्या परिसरात वाटलेला असतो, म्हणून रात्री आठ ते अकरा या वेळेत वेग खाली येतो. फायबरही वाटून दिलेलाच असतो. साधारण अडीच गिगाबिटची एक तार बत्तीस किंवा चौसष्ट घरांत विभागली जाते. परंतु ती घरे ठरलेली असतात. मनोऱ्याखाली कोणत्या दिवशी किती माणसे येतील हे ठरलेले नसते, आणि गणपतीच्या दिवसांत पेठांमध्ये राहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

फोनच्या प्रकृतीविषयी एवढेच म्हणतो, की तासन्‌तास हॉटस्पॉट चालू ठेवून तोच फोन चार्जिंगला लावला तर तो तापतो, तापला की स्वतःचा वेग कमी करतो आणि बॅटरीचे आयुष्यही घटते. संगणक एकच असेल तर वायफायऐवजी यूएसबी केबलने फोन जोडावा. वेगही स्थिर राहतो आणि वायफाय प्रसारित करण्याचा भारही पडत नाही.

पै-पैसा

मला धागाकर्त्यांच्या बाजूने बोलायचे आहे, तरीही त्यांच्या हिशेबातील एक धागा सुटलेला दिसतो. खरी गळती २८ दिवसांच्या मुदतीत आहे. रोज दोन जीबीची ८४ दिवसांची योजना त्याच दरवाढीनंतर ८५९ रुपयांना झाली. वर्षाच्या हिशेबाने ते सुमारे ३,७३० रुपये होतात, म्हणजे आपण आज २८ दिवसांच्या दीड जीबीसाठी जे ३,८८७ मोजता, त्याहूनही कमी. अमर्याद फाइव्ह-जी मिळवण्यासाठी आपल्याला ६५० रुपये वाढवावे लागत नाहीत, उलट दीडशे वाचतात. एकरकमी पैसे काढावे लागतात एवढाच काय तो त्रास.

शिवाय राउटर दिवसरात्र चालू असतो. साधारण दहा वॅट धरले तरी महिन्याला सात युनिटे जातात आणि ती विजेच्या बिलात निमूटपणे बसतात. बहुतेक हिशेबांत त्यांची नोंदच नसते.

मधल्या खोलीतून

इथवरच्या प्रतिसादांत रुपये आले, गिगाहर्ट्झ आले, परंतु फोन कोणाच्या खिशात असेल हे कोणी विचारले नाही. ब्रॉडबँड घराचे असते, हॉटस्पॉट माणसाचा असतो. ज्याच्या फोनवर मोठी योजना आहे तो भाजी आणायला गेला की घरातले इंटरनेटही त्याच्याबरोबर मंडईत जाते.

टाळेबंदीच्या काळात शाळा ऑनलाइन झाल्या तेव्हा मी हे विद्यार्थ्यांच्या घरी फार जवळून पाहिले. वडिलांचा फोन हेच घरातले एकमेव साधन. निर्बंध सैल होऊन वडील कामावर जाऊ लागले आणि मुलांची उपस्थिती थेट त्यांच्या पाळीच्या वेळापत्रकाशी जोडली गेली. ज्या मुलांचे वडील रात्रपाळीला असत ती सकाळी वर्गात दिसत, आणि दिवसपाळीच्या आठवड्यात तीच मुले नाहीशी होत. त्यांत हुशार किंवा आळशी असा काही भेद नव्हता.

आज शाळा भरतात, हे खरे. परंतु ज्या घरात सासूबाईंना दुपारी कीर्तन ऐकायचे असते, मुलाला गृहपाठासाठी काही शोधायचे असते आणि गृहिणीला स्वतःचे काही शिकायचे असते, तिथे ‘हॉटस्पॉट सुरू करता का?’ असे दर वेळी कोणाला तरी विचारावे लागणे ही किरकोळ गोष्ट नाही. विचारावे लागले की कारण सांगावे लागते, आणि कारण सांगावे लागले की बऱ्याचदा विचारणेच बंद होते. ब्रॉडबँडचे ४७१ रुपये या न विचारण्याच्या मोकळिकीचे आहेत. धागाकर्ते दोघेच राहतात, त्यांना कदाचित हे लागू होणार नाही. तरी कोणत्या फोनचा रिचार्ज मोठा ठरणार आहे, त्यांचा की त्यांच्या पत्नीचा, हे त्यांनी अवश्य सांगावे.

राजापूरकर

आमच्या वाडीपर्यंत फायबर आलेलाच नाही, त्यामुळे इथे निवडीचा प्रश्न उद्भवत नाही. चिऱ्याच्या भिंतींच्या आत रेंज मिळत नाही म्हणून फोन पडवीच्या खिडकीत ठेवायचा आणि आतल्या संगणकाला हॉटस्पॉट द्यायचा, ही येथील रूढ पद्धत आहे. पावसाळ्यात वीज गेली की तालुक्याच्या गावातले राउटर बंद पडतात आणि आमचा फोन मात्र मनोऱ्याची बॅटरी असेतो चालत राहतो. एक सूचना करावीशी वाटते : फोनच्या हॉटस्पॉटमध्ये २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन पर्याय बहुधा असतात. फोन आणि संगणक यांच्यामध्ये जाड भिंत असेल तर २.४ निवडावा; वेग थोडा कमी मिळतो, पण जोडणी तुटत नाही.

हिशेबी पुणेकर (धागाकर्ता)

‘मधल्या खोलीतून’ यांच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. मोठी योजना पत्नीच्या फोनवर असेल, कारण घरात अधिक वेळ ती असते आणि व्हिडिओ कॉलही तीच करते. बाहेर जाणाऱ्याने आपला दीड जीबी वापरावा. त्यांचा मुद्दा मला चार-पाच माणसांच्या घरासाठी पूर्ण मान्य आहे. परंतु त्यावरून दोन माणसांच्या घरानेही ब्रॉडबँड ठेवलेच पाहिजे असे सिद्ध होत नाही. आपल्या शहरांत मुले बाहेरगावी गेलेली, आईवडील मागे राहिलेले, आणि मुलांच्या शिक्षणासाठी घेतलेली जोडणी सवयीने चालू असलेली, अशी घरे थोडीथोडकी नाहीत. माझा प्रस्ताव त्यांच्यासाठी आहे.

तारयंत्र यांनी सांगितलेली फोर-जीची घसरण गंभीर आहे, हे खरे. तथापि फोनच्या सेटिंगमध्ये रोजच्या वापराचा इशारा लावता येतो आणि व्हिडिओचा दर्जा एचडीवरून खाली आणला की तोच कार्यक्रम तासाला एक जीबीच्या आसपास बसतो. आमच्या वयाच्या डोळ्यांना फोनएवढ्या पडद्यावर त्यातला फरक कळतही नाही.

मधल्या खोलीतून

मोठी योजना वहिनींच्या फोनवर, हे उत्तर आवडले. मात्र आता घराबाहेर पडताना त्यांच्या मनात ‘मागे इंटरनेट बंद पडेल’ हा विचार येणार नाही, याची जबाबदारी तुमची.

रात्रपाळी

मी घरून परदेशी ग्राहकांसाठी काम करतो आणि माझ्यासारख्याने या वाटेला जाऊ नये असे स्पष्ट सांगतो. कामाच्या बैठकीत चित्र अडखळले तर हसून वेळ मारून नेता येते, पण आवाज तुटला की समोरच्याचा विश्वास उडतो. दोन सिमकार्डांच्या फोनची आणखी एक अडचण अशी, की डेटा एका सिमवर असताना दुसऱ्या सिमवर कॉल आला आणि तो घेतला, तर अनेक फोनांत कॉल संपेपर्यंत इंटरनेट थांबते. ज्या सिमवर डेटा आहे त्याच सिमवर कॉल आला तर व्होल्टीमुळे (फोर-जीच्या डेटावरूनच आवाज नेण्याच्या सोयीमुळे) असे होत नाही.

हॉटस्पॉट मी ठेवतो, पण राखीव म्हणून. रस्ता खोदताना फायबर तुटतो आणि ‘उद्या माणूस पाठवतो’ असे उत्तर मिळते, तेव्हा तोच कामाला येतो. एअरफायबरचा, म्हणजे जिओच्या बिनतारी घरगुती ब्रॉडबँडचा, पर्यायही मी पाहिला होता. २०२३ मध्ये तो मुंबई-पुण्यात सुरू झाला तेव्हा ५९९ रुपये अधिक कर अशी त्याची किमान योजना होती; म्हणजे खर्च कमी करण्याच्या दृष्टीने तो उपयोगाचा नव्हता. जिथे तार ओढता येत नाही, तिथल्यासाठीच तो आहे.

नवखा

आमच्या मजल्यावरच्या दोन घरांनी मिळून एकच ब्रॉडबँड घेतले तर काय हरकत आहे? प्रत्येकी २३५ रुपये पडतील आणि हॉटस्पॉटची कटकटच नको.

तारयंत्र

हरकत अशी, की जोडणी ज्याच्या नावावर आहे तो तिच्यावरून होणाऱ्या प्रत्येक व्यवहारासाठी जबाबदार धरला जाऊ शकतो आणि घराबाहेर जोडणी देण्यास कंपन्यांच्या अटींमध्ये सामान्यतः मनाई असते. शेजारधर्म चांगला असला तरी शेजाऱ्याच्या पाहुण्यांचीही हमी घ्यावी लागेल.

धागाकर्त्यांना एक व्यावहारिक विनंती आहे. जोडणी तोडण्यापूर्वी एक संपूर्ण देयक-महिना राउटर बंद ठेवून पाहावा. पैसे भरलेले आहेतच, त्यामुळे अडचण आली तर बटण दाबण्याइतकाच परतीचा मार्ग आहे. फोनच्या डेटा-वापराच्या नोंदीत हॉटस्पॉटचा आकडा बहुधा स्वतंत्र दिसतो, तो महिनाअखेरीस तपासावा. विंडोज संगणकावर हॉटस्पॉटच्या जोडणीला ‘मीटर्ड’ (म्हणजे मोजून वापरायची) अशी खूण करून ठेवावी, नाहीतर एखाद्या सकाळी अद्ययावतीकरणाच्या नावाखाली दिवसाचा कोटा न्याहारीपूर्वीच संपलेला आढळेल. घरात वायफायवर चालणारा कॅमेरा असेल तर फोन बाहेर गेल्यावर तो आंधळा होतो, याचाही विचार व्हावा.

आणि सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे पैसे आगाऊ भरलेले असतील, तर मुदत संपेपर्यंत थांबावे, कारण मधेच सोडल्यास उरलेली रक्कम परत मिळेलच असे नाही. जोडणी बंद करताना राउटर कंपनीचा असेल तर तो परत केल्याची पावती घ्यावी आणि अनामत मिळेपर्यंत जपून ठेवावी. केबलवाल्याच्या मुलाकडे तो नुसता सोपवून देऊ नये.